खऱ्या हिरोचं नाक

गोरेगाव या आमच्या तालुक्याच्या गावातला माझा मोटरसायकल मिस्त्री हात पुसायला रद्दी घेतो. त्यात जुनं विनोदी मासिक निघालं, की आधी साबणाने बोटं धुतो आणि सिनेमांची टिंगल केलेली चित्रांची पानं जपून काढून ठेवतो. त्यातला एकही सिनेमा त्याने पाहिलेला नाही. मग टिंगल कळते कशी, असं मला नेहमी वाटायचं.

परवा बाजाराच्या दिवशी त्याच्या दुकानासमोरच्या चहाटपरीवर टीव्हीवर सिनेमा लागला होता. ऐन मारामारीत लाइट गेली. माणसं हळहळली. मिस्त्री पाना हातात घेऊनच उठला. "पुढचं मी सांगतो ना!" आणि सुरू झाला त्याच्या जपलेल्या पानांतला सिनेमा: दुधीभोपळ्याएवढ्या नाकाचा हिरो, त्याचा तासावर भाड्याने आणलेला घोडा, घोडा मालकाने परत नेल्यावर एसटीने केलेला पाठलाग. हसून हसून लोकांच्या हातातला चहा सांडला.

लाइट आली. पडद्यावर हिरोचा चेहरा पाहून मिस्त्री चकित झाला.

"हा हिरो? याचं नाक एवढंसं काऊन?"

मागून एक म्हातारा हसत ओरडला, "बंद कर ना बे तो टीव्ही! मिस्तरीले सांगू दे!"

चहावाल्याने टीव्ही बंद केला. तो सिनेमा मी तीनदा पाहिलाय. तरी "मग पुढे?" असं सगळ्यांत आधी मीच विचारलं.