शेठ, उजेड दिसतोय

आयटीआयच्या फिटर मास्तरांनी मला फसवलं. भंगारातलं एक लेथ मशीन घेऊन बारामती एमआयडीसीत शेड उभी केलेला माणूस मी; व्यवहारात मला कुणी गंडवू शकलं नव्हतं. गंडवलं ते या एका सरळ माणसानं, आणि नेमकं कसं, हे मला अजून उमगलेलं नाही.

मास्तर इतके सरळ, की सगळं जग काटकोनात असलंच पाहिजे, हा त्यांचा हट्ट. खिशात पेनाऐवजी काटकोन तपासायचा लोखंडी गुण्या. इंदापूरच्या आयटीआयतून एसटीनं माझ्याकडं येताना खिडकीला गुण्या लावून कंडक्टरला सांगायचे, "गाडी वाकडी हाय." भिगवणला मासे खायला नेलं, तर ताट येईपर्यंत टेबलाचे चारही कोपरे तपासून झाले. गुण्या टेकवायचा, एक डोळा मिटायचा, आणि फटीतून उजेड दिसला, म्हणजे कोन चुकला, की घरचं कुणी आजारी पडल्यासारखं तोंड करायचं.

नव्वदच्या दशकात त्यांच्या आयटीआयचं एका जर्मन संस्थेशी जमलं. मुलांनी आठवड्यातले दोन दिवस माझ्यासारख्याच्या कारखान्यात शिकायचं. जर्मनीहून सामान येणार, परीक्षेला पाहुणा येणार. मला वाटलं, नवा लेथ येतोय. मी अडून बसलो. "पोरांना जे जे मिळंल, ते मलापण मिळालं पाहिजे. तसं करारात लिवा!"

"लिवलं, शेठ." एवढ्या लवकर कबूल झाले, तिथंच मी सावध व्हायला हवं होतं.

पेटी आली. आत कानशी आणि लोखंडाचे ठोकळे.

"लेथ कुठाय?" मी ओरडलो.

मास्तरांनी करार पुढं केला. "पोरांना शिक्षण हाय, परीक्षा हाय. मग तुमालापण हाय. सही तुमचीच हाय की."

मी सहावी नापास. परीक्षा म्हटलं की आजही घाम फुटतो. पण माझ्याच शेडमध्ये पोरांसमोर माघार घेऊ? तीन आठवडे ठोकळा घासला. मास्तर गुण्या लावायचे. "शेठ, उजेड दिसतोय." मी कानस फेकायचो, ते निमूट उचलून आणायचे. शेवटी परीक्षेच्या दिवशी जर्मन पाहुण्यानं ठोकळ्याला गुण्या लावून खिडकीकडं धरला, बराच वेळ पाहिलं, माझा हात हातात घेऊन काहीतरी म्हटलं. काय ते मास्तरांना विचारलं, तर ते चष्मा पुसत होते.

पास झाल्याचं प्रमाणपत्र जर्मनमध्ये आहे. मला त्यातलं फक्त माझं नाव वाचता येतं. आयुष्यातलं पहिलंच, म्हणून चौकट करून भिंतीवर लावलं.

पुढं मास्तरांची बदली झाली. गुण्या माझ्या टेबलावरच राहिला. सहज त्या चौकटीला लावून पाहिला, तर कोपऱ्यात उजेड. दुसरी चौकट करून घेतली, तरी उजेड. आता जेवणाचं ताटसुद्धा मला वाकडं दिसतं. मास्तर, गुण्या विसरलात की मुद्दाम ठेवलात? मी लेथ मागितला होता. या वयात मला विद्यार्थी करून अर्ध्यात टाकून गेलात. एसटी पकडा, शेडवर या, आणि समोर उभं राहून जबाब द्या.