मास्तरांचा पडदा

गल्लीत सगळे त्यांना मास्तर म्हणत. शाळेतले नव्हेत, कपडे शिवणारे. चाळीस वर्षं लोकांची मापं घेतली, मग दुकान बंद केलं आणि मशीन घरी आणून टीव्हीसमोर मांडलं. घरात लेक, जावई आणि पाच वर्षांची नात, मिरी. आजी दोन वर्षांपूर्वी दवाखान्यातच गेली. तेव्हापासून मास्तरांचा सगळा जीव मिरीत. दुपारी लेक-जावई कामावर, आजोबा मशीनवर, मिरी त्यांच्या पायाशी चिंध्यांत आणि टीव्ही आपला चालू.

या टीव्हीचा मास्तरांनी भलताच धसका घेतला होता. कार्टूनच्या मध्येच कुठल्याशा सिनेमाच्या जाहिरातीत हडळ दात विचकायची आणि मिरीचे डोळे एवढाले व्हायचे. रिमोट ऐन वेळी सापडेल तर शपथ. सापडलाच तर चष्मा नसायचा. शेवटी मास्तरांनी डोकं लढवलं. जाड निळ्या कापडाचा पडदा शिवून टीव्हीवर टांगला आणि त्याची दोरी थेट मशीनपर्यंत आणली. हडळ आली की दोरी ओढायची! नवरदेवाच्या कोटाला लावलं नसेल असं अस्तर त्यांनी त्या पडद्याला लावलं होतं.

लेकीने कपाळावर हात मारला. "बाबा, बटण दाबलं की टीव्ही बंद होतो."

"बटण सापडेपर्यंत भूत घरभर फिरून येतं," मास्तर म्हणाले आणि स्वतःवरच खूश झाले.

पण महिनाभरात मिरीने दुपारी त्या खोलीत पाऊल टाकायचं सोडलं. चेंडू आत गेला तर तोही सोडून द्यायची. लेक म्हणाली, "तिला पाळणाघरात ठेवू या, बाबा. इथे घाबरते ती." मास्तरांना वाटलं, मिरी गेली तर दिवसभर बोलायचं तरी कुणाशी? त्यांनी तिला दारातच गाठलं.

"काय झालं गं?"

"ती आत आहे."

"कोण?"

"हडळ. तूच कोंडून ठेवलीयेस ना पडद्यामागे? सगळ्या तिथेच आहेत. मला ओरडताना ऐकू येतात."

मास्तरांच्या आत्ता लक्षात आलं. त्यांनी चित्र झाकलं होतं, आवाज तसाच राहिला होता. आणि हडळ निघून जाताना तर पोरीने कधी पाहिलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी पडदा उघडा ठेवला, मिरीला मांडीवर घेतलं आणि दोरी तिच्याच हातात दिली. "भीती वाटली तर तू ओढ." हडळ आली. मिरीने आजोबांचा सदरा घट्ट धरला. मास्तरांना मात्र दुसरंच काही दिसलं.

"अगं, झगा बघ तिचा! खालची तुरपाई पार उसवलीय. कुठल्या शिंप्याकडे गेली होती ही?"

मिरीने बोटांच्या फटीतून पाहिलं. "बटणही तुटलंय."

"लाज आणली आमच्या धंद्याला."

तेवढ्यात साबणाची जाहिरात लागली. "गेली?" मिरीने विचारलं. "गेली," मास्तर म्हणाले. पाळणाघराचा विषय पुन्हा निघाला नाही. दोरी मात्र मिरीकडेच राहिली.

मग एका दुपारी कुठल्याशा मालिकेत दवाखाना आला. खाटेवर एक म्हातारी, नाकात नळी, शेजारी स्टुलावर तिचा हात धरून बसलेला म्हातारा. मास्तरांचं मशीन थांबलं. मिरीने टीव्हीकडे पाहिलं, मग आजोबांकडे. आजोबांचे डोळे भरून आले होते.

पडदा सर्रकन बंद झाला.

"आजोबा, हे तू नको बघूस."

मिरीने पुढे जाऊन पडद्याची कड जराशी उचलली आणि एक डोळा लावला. "थांब हं, अजून आहे." ती तशीच उभी राहिली, एक हात मागे करून, आजोबांनी उठू नये म्हणून.

"गेलं," थोड्या वेळाने ती म्हणाली. "आता बघ."