दोनदा दाबायचं बटण

शाळेचे गणवेश शिवण्यात तीस वर्षं गेली, तेव्हा शिवणवाल्या मावशींच्या नवऱ्याने जुनी मोटरहोम घेतली. दोन पलंग, ओटा, कपड्यांचं कपाट, सगळं गाडीतच. तो निवृत्त ट्रकचालक. "आता ओझं नाही, तुला घेऊन फिरायचं," म्हणाला. अकरा वर्षं दोघं फिरली. मग एका सकाळी पाण्याचा पाइप जोडता जोडता तो खाली बसला, तो पुन्हा उठला नाही.

मावशींना गाडी चालवता येत नव्हती. अशा गाड्या उभ्या करायच्या ज्या तळावर तो गेला, तिथेच भाड्याच्या जागेत गाडी उभी राहिली आणि मावशी तिच्यातच राहू लागल्या.

महिनाभराने सोबतीचे पाहुणे गेले, मावशी गाडीचा चोर-अलार्म स्वतः लावू लागल्या आणि तो बोंबलायला लागला. दुपारी जरा आडवं व्हावं, उठून बसावं, की छपरावरचा भोंगा सुरू. मावशी घाईघाईने रिमोट शोधायच्या. शेजारच्या गाडीतले निवृत्त पोस्टमास्तर सुरुवातीला धावत आले, नंतर खिडकी लावून घेऊ लागले. तळाच्या व्यवस्थापकाने शेवटी सांगितलं, "मावशी, आणखी एकदा वाजला तर जागा बदलावी लागेल. मला सगळ्यांचं बघायचं असतं."

त्यानंतर त्या पलंगावर पडल्या की हलायच्याच नाहीत. घसा कोरडा पडला तरी पाण्याला उठायच्या नाहीत. अलार्म न लावता झोपायचं मात्र मनात येत नव्हतं. नवऱ्याने तो एक दिवसही चुकवला नव्हता.

शुक्रवारी दुरुस्तीवाला आला. आधी त्याने बॅटरी तपासली, ती ठणठणीत. दारावरची अलार्मची चुंबकं पुसून नीट बसवली, छताची खिडकी घट्ट केली, पडदा वाऱ्याने हलतो का तेही पाहिलं. तासाभराने घाम पुसत खाली बसला.

"मावशी, यंत्रात काही दोष नाही. तुम्ही झोपताना काय काय करता, ते मला करून दाखवा."

मावशींनी दार लावलं, कडी घातली आणि रिमोट एकदा दाबला.

"एकदाच?"

"मग किती वेळा?"

"बाहेर जाताना एकदा. आत माणूस असेल तर दोनदा. एकदा दाबलं की आतली हालचाल पकडणारा डोळाही चालू होतो. तुम्ही उठलात की त्याला वाटतं, चोर शिरला. दोनदा दाबलं की तो डोळा बंद राहतो, फक्त दारं-खिडक्यांवर पहारा."

मावशी रिमोटकडे बघत राहिल्या.

"हे दोनदाच दाबायचे," त्या म्हणाल्या. "रोज. मी चिडवायचे, एकदा दाबून तुमचं समाधान होत नाही. नुसते हसायचे. मला वाटायचं, खात्री करून घेतात."

"त्यांनी सांगितलं नाही कधी?"

"मी विचारलंच कुठे? त्यांच्या हातातलं काम होतं ते."

दुरुस्तीवाला उगाच हत्यारं पुन्हा पुन्हा लावत बसला. मावशींनी त्याच्यासाठी चहा ठेवला, पण साखर घालायची राहिली. त्याने तो तसाच प्यायला. नंतर त्याने एका कागदावर मोठ्या अक्षरात सगळं लिहून दाराच्या आत चिकटवलं. मावशींनी त्याच्यासमोर पाच वेळा करून पाहिलं, आत फिरून पाहिलं. भोंगा गप्प होता.

संध्याकाळी पोस्टमास्तरांची बायको विचारायला आली. "सापडलं का काय बिघडलं होतं?"

"मीच," मावशी म्हणाल्या. मग पलंगाच्या कडेवर बसून त्या हमसून रडल्या. नवरा गेला त्या दिवशी पाहुणे, कागदपत्रं, सही कुठे करायची, यात रडायला जमलंच नव्हतं. पोस्टमास्तरांची बायको शेजारी बसून राहिली.

त्यानंतर अलार्म कधी उगाच वाजला नाही. पण बटण दोनदा दाबताना रोज नवराच आठवायचा, आणि मावशींना दुपारची झोपही लागेनाशी झाली. दोन महिन्यांनी धाकटी बहीण येऊन म्हणाली, "ताई, माझ्याकडे मागची खोली रिकामी आहे. शिवणाच्या मशीनला उजेडही चांगला येतो." मावशींनी होकार दिला. गाडी एका तरुण जोडप्याने घेतली. ते ती न्यायला आले त्या सकाळी मावशी बहिणीकडे परकरात नाडी ओवत बसल्या होत्या. बहिणीने विचारलं, "बघायला जायचं का?" त्यांनी नकारार्थी मान हलवली आणि नाडीला गाठ मारली.