आंध्रावाले सार

एम.कॉम.चा निकाल लागला तेव्हा बापाने विहारापाशी पेढे वाटले आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगितलं, "पोरगं लेक्चरर होऊन राह्यलं." मी अजून कुठे अर्जसुद्धा केला नव्हता. पण पेढे खाऊन झालेल्या गावापुढे माघार कशी घेणार? पेनगंगेकाठचं आमचं गाव, दहावीपर्यंत मराठी शाळा, पुढचं सगळं नांदेडला. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलेलं नव्हतं. आदिलाबाद जिल्ह्यातल्या इचोड्याच्या एका ज्युनियर कॉलेजात कॉमर्सची कंत्राटी जागा निघाली आणि मी मुलाखतीला जाऊन बसलो.

प्रिन्सिपॉलसाहेबांनी हिंदीत विचारलं, "तेलुगु में पढ़ाना पड़ेगा. आता है?"

"आता है," मी म्हणालो. येत होतं ते भाजी घेण्यापुरतं. अक्षरं बोट ठेवून वाचता यायची. साहेबांनी एवढंच बजावलं की भाषेबद्दल एक जरी तक्रार आली, तर पुढच्या वर्षी कंत्राट मिळणार नाही.

मग मी एक वही घातली. पंक्चरच्या दुकानावर भाड्याची खोली होती, खाली दिवसभर नागपूरच्या रस्त्यावरचे ट्रक थांबायचे. तिथे बसून तेलुगू पुस्तकातला धडा देवनागरीत उतरवायचा, भिंतीकडे तोंड करून पाठ करायचा आणि सकाळी वर्गात जसाच्या तसा म्हणायचा. पुस्तकाबाहेरचा शब्द काढायचा नाही, कारण चूक तिथेच होणार. शेवटी "अर्थमैंदा?" म्हणजे समजलं का, असं विचारायचं. पोरं "अर्थमैंदि सार" म्हणायची, की तास संपला.

गंमत अशी झाली की पुस्तकातली ती तेलुगू पार किनारपट्टीकडची. आदिलाबादच्या पोरांच्या तोंडी तसली भाषा नसते. त्यांनी आठवडाभरात ठरवून टाकलं की हे सार गुंटूरकडचे. मला 'आंध्रावाले सार' असं नाव पडलं. मला हसूही आलं आणि हायसंही वाटलं. आपलं पितळ आता उघडं पडत नाही, असं वाटून मी आणखी ताठ चालायला लागलो.

पण आंध्रावाले सार होणं फार एकाकी काम होतं. रविवारी घरी जाऊन आलो की सोमवारी जीभ मराठीकडे वळायची आणि पाठ केलेलं तुटायचं. म्हणून मी घरी जाणं कमी केलं, पुढे महिना महिना गेलो नाही. धाब्यावर हिंदी, कॉलेजात तेलुगू. बाजारात कुणी मराठी बोलताना दिसलं की मी रस्ता ओलांडून पलीकडून जायचो. कधीकधी दिवस मावळताना लक्षात यायचं की आज आपण स्वतःचं असं एक वाक्य बोललेलो नाही. रडू यायचं. मी स्वभावाने तापट, तेव्हा त्या रडण्याचाही मला राग यायचा.

वर्गात बाजारहत्नूरकडची एक मुलगी होती. हजेरीपटावर आडनाव पाहिलं तेव्हाच कळलं की ही आपल्यातली, घरी मराठी बोलणारी. गुपचूप तिसऱ्या बाकावर बसायची. तिची रोकडवही बरोबर असायची आणि खातेवही सगळी उलटी. नावे लिहायचं ते जमेच्या बाजूला, जमा ते नावेच्या. बेरजा मात्र पैशापैशाला जुळलेल्या.

तिचं काय चुकतंय हे मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. आडतीच्या जुन्या वहीत जमा डावीकडे आणि नावे उजवीकडे लिहितात. कॉलेजच्या पुस्तकात खातं नेमकं उलटं असतं. हिने घरात कुणा दिवाणजीकडून ते आधीच शिकून घेतलेलं होतं. नांदेडला पहिल्या वर्षी मीही हीच चूक केली होती, किराणा दुकानात वही लिहून आलेलो ना. आमच्या सरांनी हसून सांगितलं होतं, "बाळा, दुकानातली वही विसर. इथं बाजू उलट्या." एवढं एक वाक्य, आणि माझा रस्ता मोकळा झाला होता.

ते वाक्य माझ्या तेलुगू पुस्तकात नव्हतं. स्वतः जुळवून बोलायला गेलो असतो तर वर्ग हसला असता. तिला बाजूला बोलावून मराठीत सांगितलं असतं, तर दुसऱ्या दिवशी कॉलेजभर झालं असतं. म्हणून मी लाल शाईने फुली मारत राहिलो. ती वही घेऊन टेबलाजवळ यायची, मी पाठ केलेला नियम पुन्हा म्हणायचो, "अर्थमैंदा?" ती खाली मान घालून म्हणायची, "अर्थमैंदि सार." सहामाहीत ती नापास झाली. त्यानंतर तिसरा बाक रिकामा दिसू लागला. मी हजेरीपटावर गैरहजेरी लावत गेलो.

मे महिन्यात आम्हा लेक्चररना गावोगाव फिरून दहावी झालेली पोरं गोळा करावी लागत. पोरं नसली तर कॉमर्सचा ग्रुप, म्हणजे शाखाच बंद, आणि ग्रुप बंद तर आम्हीही घरी. मला बाजारहत्नूरची बाजू दिली. यादीत तिचं घर नव्हतं, तरी मी विचारत विचारत गेलो. बाप ओट्यावर बसला होता. त्याला तेलुगू धड येत नव्हती, आणि तिथे ऐकायलाही कुणी नव्हतं. मी मराठीत म्हणालो, "दादा, पोरीले कालेजात काऊन नाई धाडत?"

"आमी कुठं अडवलं? तेच म्हणते, हिसाब डोक्यात नाई जात. आजा दिवाणजी होता, त्यानं एवढं शिकवलं, तरी."

ती पाण्याचा तांब्या घेऊन दारात आली होती. तिथेच थांबली.

"सार, तुमी मराठी हाय?"

"हो."

तिने तांब्या माझ्यापुढे केला. मला तिच्याकडे बघवेना. मी तांब्या बाजूला ठेवला, ओट्यावर पडलेला खडू घेतला आणि फरशीवर खातं आखलं. "आजोबाची वही खरी हाय," मी म्हणालो. "फक्त इथं बाजू उलट्या. तू नावे जिथं लिहीत होतीस, तिथं जमा." तिने खडू घेतला आणि एक खातं भरलं. एकही चूक नव्हती.

"पुढच्या महिन्यात ये परत," मी म्हणालो.

"नाई सार. आता शिलाईच्या क्लासले जाऊन राह्यली मी." ती अजून फरशीकडेच बघत होती. "एवढंच होतं का?"

"एवढंच होतं," मी म्हणालो.