नेफ्यातली सुई

मंगळवारी दुपारी आई गेली. गॅसच्या सिलिंडरचा झगा तेव्हा कमरेपर्यंत आला होता.

सिलिंडरला कंबर असते, याचं आमच्या घरात कुणाला नवल नव्हतं. आईने क्रोशाने मिक्सरला टोपी केली होती, फ्रिजच्या दांडीला मोजा. बाबा फार वेळ एका जागी बसले की म्हणायची, "उठा, नाही तं तुमालेही झालर लावीन."

तेरवीनंतर बाबा मला म्हणाले, "त्याले असं अर्धं उघडं कावून ठेवलं? पुरा कर."

विणायला मला तिनेच शिकवलं होतं. पण तिची सुई कुठे सापडेना. मी सेक्टर दोनच्या बाजारात गेले. जाड हवी म्हणून सगळ्यात मोठा नंबर मागितला. घरी पुडी उघडली तर आत सुई कसली, जवळजवळ केसच.

बाबा हसले, त्या मंगळवारनंतर पहिल्यांदाच. प्लांटमधून फिटर म्हणून निवृत्त झालेला माणूस. "हे तं तारेच्या गेजसारखं झालं. नंबर चढला का तार उतरते."

जाड सुयांवर मात्र मिलिमीटर असतात, तिथे आकड्याबरोबर सुईही वाढते, असं ती सुई परत करायला गेले तेव्हा दुकानदाराने सांगितलं. ते ऐकून बाबा वैतागले. "एकाच दुकानात दोन कायदे?"

आईची सुई किती मिलिमीटरची, ते मात्र दोघांनाही माहीत नव्हतं.

पुढे एकदा बाबांनी कपाटातला धुतलेला पायजमा काढला. नाडी नेफ्यात अर्ध्यावर अडकलेली, आणि तिच्या टोकाशी काहीतरी टणक. आईची सुई. नाडी ओवायलाही ती तीच घ्यायची. मी ओढायला गेले.

"हात नको लावू. तिनं जेथवर आणली, तेथवर राहू दे."

"मग झगा कसा होईल, बाबा?"

बाबांनी पायजमा टेबलावर सपाट पसरला. मग जाडी मोजायचा आपला जुना व्हर्नियर घेऊन आले. कापडावरूनच सुई मोजली, नेफ्याचे दोन पदर वेगळे मोजून त्यातून वजा केले.

"तीन मिलिमीटर. लिहून घे."

"पक्का तीन, दीदी?" दुकानदाराने विचारलं. पक्कं आहे म्हटलं. कशावरून, ते सांगितलं नाही.

झगा आता जमिनीपर्यंत आहे. कमरेखालचे टाके जरा घट्ट आहेत. पायजमा कपाटात आहे, नाडी अर्ध्यावर.