सर्व्हेअर साहेबांची तपासणी

सौंसर-पांढुर्ण्यात कुठंही ट्रक उलटला की विमा कंपनीचे हे सर्व्हेअर साहेब येतात आणि जखमी ड्रायव्हरच्या आधी त्याच्या लायसनची विचारपूस करतात. बोरगावजवळ माझा ट्रक संत्र्यांसकट पलटी झाला, तेव्हाही तेच आले. त्यांनी चिखलातलं एक संत्रं उचललं, रुमालानं पुसलं आणि सोलून खाल्लं.

"मस्त गोड हाय ना भाऊ! थांबा, तपासून राहिलो," म्हणत दुसरं घेतलं.

साहेब खूश, म्हणजे क्लेम पास, असं समजून मीच चांगली डझनभर निवडून पिशवीत भरून दिली.

महिनाभरानं मालाचा क्लेम नामंजूर झाला. अहवालात लिहिलं होतं, "माल खाण्यायोग्य. स्वतः खाऊन खात्री केली." खाली साक्षीदार म्हणून माझं नाव होतं.