द्राक्षासवाचा पंप आणि सुमनचं लाटणं

मित्रांनो, हे पत्र होस्टेलच्या खोलीतल्या सगळ्यांना मोठ्यानं वाचून दाखवा. आज शहाद्यात मी पंप निवडला!

आप्पा वैद्यांना द्राक्षासव पिंपातून बाटल्यांत भरायला पंप हवा होता. मी ज्यांच्या दुकानात काम करतो ते मालक केळीला पाणी देणारा पंप घेऊन आले. मी म्हटलं, हा आसव घुसळून फेस करील, शिवाय ग्रीस औषधात उतरेल.

मालक भडकले, "कॉलेज अर्धं सोडी उना, आन् आमले शिकाडस का रे?"

एरवी मी हातातला पाना आपटला असता. पण समोर आप्पांची मुलगी सुमन उभी होती. तिच्याकडून लाटणं मागितलं. रबरी नळीचं एक टोक आसवात बुडवलं आणि नळीवरून लाटणं दाबत नेलं. लाटणं उचललं की आसव मागे फिरू नये म्हणून सुमन नळी चिमटीत धरायची. असं करत करत आसव बाटलीत पोचलं. रबराशिवाय कशालाच शिवलं नाही.

"आप्पा, पहा तं, फेस नही उना," सुमन म्हणाली.

"असाच पंप बनाव रे. किती दिन लागतीन?" आप्पांनी मला विचारलं.

काम चार दिवसांचं. मी महिना सांगितला. सुमन खाली बघून हसली.

आता तुम्हीच सांगा, महिना कमी तर नाही ना सांगितला?